वाचकांचे प्रश्न : काय घेतलं आणि काय गाळलं

‘सिस्टिमॅटिक रिव्ह्यू’ हा शब्द हल्ली बातम्यांतही दिसतो आणि थिसिसच्या मुखपृष्ठावरही. या विषयावर सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या अंकात उत्तरं देत आहोत. पत्रं थोडी छाटली आहेत. पाठवणाऱ्यांची नावं नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : ‘अनेक संशोधनांचा आढावा सांगतो, डाळिंबाच्या रसाने बीपी उतरतं’ अशी बातमी वाचली. घरात दोन तट पडलेत. सून म्हणते रस सुरू करा, मुलगा म्हणतो असल्या बातम्या रोज येतात. बाग आमचीच, त्यामुळे खर्चाचा प्रश्न नाही. ‘आढावा’ म्हटल्यावर विश्वास ठेवायचा का? — निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर

बाई, आढावा दोन तऱ्हेचा असतो. एखाद्या जाणकाराने स्वतःला ठाऊक असलेले आणि पटलेले पेपर घेऊन लेख लिहिला, तरी तो आढावाच. त्यात काय घेतलं ते दिसतं, काय गाळलं ते कळायला मार्ग नसतो. सिस्टिमॅटिक रिव्ह्यूत प्रश्न आधी ठरवतात. कुठे शोधलं, कोणत्या शब्दांनी शोधलं, किती सापडले, किती बाद केले आणि कशासाठी, हा सगळा हिशेब छापावा लागतो. सापडलेल्या प्रयोगांचे आकडे एकत्र करून एक आकडा काढणं म्हणजे मेटा-अ‍ॅनालिसिस. ते प्रत्येक रिव्ह्यूत असतंच असं नाही, आणि प्रयोग एकमेकांशी जुळत नसतील तर नसलेलंच बरं.

ब्रिटिश डॉक्टर आर्ची कॉक्रन यांनी १९७९ मध्ये आपल्याच व्यवसायाला खडसावलं होतं, की सगळ्या चाचण्यांचा विषयवार आणि वेळोवेळी ताजा केलेला सारांश आपण अजून तयार केलेला नाही. १९८८ मध्ये ते गेले. १९९३ मध्ये हेच काम करणारी संस्था उभी राहिली आणि तिला त्यांचं नाव मिळालं.

आता डाळिंब. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये आठ छोट्या प्रयोगांचे आकडे एकत्र केले होते. वरचा दाब सरासरी पाचेक अंकांनी आणि खालचा दोनेक अंकांनी उतरलेला दिसला. म्हणजे बातमी खोटी नसावी. पण प्रयोग छोटे आणि थोड्या काळाचे. कुणी किती रस दिला, किती आठवडे दिला, यात मेळ नाही. शिवाय मोजलं काय, तर यंत्रावरचा आकडा. झटका किंवा लकवा टळला का, हे असल्या प्रयोगांतून कळूच शकत नाही. तेव्हा सूनबाईंनी रस जरूर द्यावा, गोळी मात्र बंद करू नये. २०० मिलिलिटर रसात साधारण २५ ग्रॅम साखर असते, म्हणून मधुमेह असेल तर दाणे खाल्लेले बरे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियममुळे आधी डॉक्टरांना विचारावं.

पुढच्या वेळी अशी बातमी दिसली की मुलाला मूळ पेपरचा सारांश मोबाइलवर उघडायला सांगा, तो बहुधा फुकट असतो. चार गोष्टी बघा. शोध कोणत्या तारखेपर्यंत घेतला. प्रयोग किती आणि माणसं किती. पुराव्याची खात्री ‘हाय’ म्हटली आहे की ‘लो’. पैसे कुणी दिले. कॉक्रनच्या रिव्ह्यूंना सोप्या भाषेतला सारांशही जोडलेला असतो.

प्रश्न : एम.डी. पहिल्या वर्षाला आहे. रुग्ण जमवणं आणि फॉलोअप यात फार वेळ जातो, म्हणून थिसिससाठी सिस्टिमॅटिक रिव्ह्यू करावा म्हणतो. विषय : गरोदरपणातल्या अ‍ॅनिमियात शिरेतून लोह की गोळ्या. तीन महिन्यांत एकट्याने होईल का? — पदव्युत्तर विद्यार्थी, सोलापूर

तीन महिन्यांत होणार नाही, आणि एकट्याने तर नाहीच. प्रॉस्पेरो या वेबसाइटवर रिव्ह्यू सुरू करण्याआधी नोंदवतात. तिथल्या रिव्ह्यूंचा हिशेब २०१७ मध्ये कुणी तरी मांडला होता. नोंदणीपासून छापून येईपर्यंत सरासरी ६७ आठवडे लागलेले निघाले. निवड आणि आकडे काढणं ही कामं दोघांनी एकमेकांचं न बघता करायची असतात, आणि मतभेद मिटवायला तिसरा लागतो. रात्री अकरा वाजता चारशेवा सारांश वाचणारा माणूस कामाचा पेपर हमखास बाद करतो, तो पकडायला दुसरा असतो.

एक व्यवहाराची गोष्ट आधी उरका. स्वतःचे रुग्ण नसलेला थिसिस चालेल, हे सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) देण्यापूर्वी गाइड आणि विभागाकडून लेखी घ्या. छापील पेपरवर काम असलं तरी एथिक्स कमिटीचं सूट दिल्याचं पत्र फाइलला असू द्या.

तुमच्या विषयावर रिव्ह्यू आधीच बरेच आहेत. म्हणून पहिला दिवस कॉक्रन लायब्ररी (त्या संस्थेच्या रिव्ह्यूंचा ऑनलाइन संग्रह) आणि प्रॉस्पेरोवर घालवा. प्रॉस्पेरो ब्रिटनच्या यॉर्क विद्यापीठाने २०११ मध्ये सुरू केलं, नोंदणी फुकट आहे. हाच प्रश्न कुणी नुकताच सोडवला असेल तर प्रश्न अरुंद करा. उदाहरणार्थ : हिमोग्लोबिन ७ ते ९.९, गरोदरपणाचा दुसरा किंवा तिसरा टप्पा. आयर्न सुक्रोज आणि फेरिक कार्बोक्सिमाल्टोज ही शिरेतून द्यायची दोन औषधं एकाच टोपलीत घालायचे का? गोळी किती मिलिग्रॅमची? ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ या सरकारी कार्यक्रमात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड धरलं आहे, पण प्रयोगांत शंभर-दोनशे मिलिग्रॅमही दिलेलं असतं. हिमोग्लोबिन चौथ्या आठवड्याचं घेणार की प्रसूतीच्या वेळचं? रक्त द्यावं लागणं, बाळाचं वजन हे निकाल बघणार का? पेपर वाचण्याआधी हे सगळं प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे आधी ठरवलेल्या आराखड्यात, लिहा. नंतर बदल झालाच तर तारीख आणि कारण टाका. पेपर बघून झाल्यावर ठरवलेला निकष सोयीचाच निघतो.

शोधात सर्वांत जास्त चुका होतात. पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या फुकट डेटाबेसमध्ये तीन पेट्या समजा : गरोदरपण, अ‍ॅनिमिया, शिरेतलं लोह. एका पेटीतले समानार्थी शब्द ‘ऑर’ने जोडायचे, पेट्या एकमेकींना ‘अँड’ने. चौथी पेटी ‘हिमोग्लोबिन’ची करू नका, कारण पुष्कळ सारांशांत निकालाचा उल्लेखच नसतो आणि पेपर निसटतात. अ‍ॅनिमियाची ब्रिटिश आणि अमेरिकन अशी दोन स्पेलिंगं आहेत, दोन्ही घाला. अवतरणचिन्हांत शब्द टाकला की पबमेड स्वतःहून समानार्थी शब्द जोडायचं थांबवतं, हे लक्षात असू द्या. फक्त मेश शब्दांवर, म्हणजे पेपरला लावलेल्या ठरावीक विषयशब्दांवर, विसंबू नका. हे शब्द मेडलाइन या निवडक जर्नलांच्या सूचीतल्या नोंदींना लावतात, आणि पबमेडमधल्या सगळ्याच नोंदी मेडलाइनच्या नसतात. पबमेड सेंट्रल या पूर्ण पेपरांच्या संग्रहामार्गे आलेल्या अनेक भारतीय जर्नलांच्या नोंदींना मेश शब्द लावलेलेच नसतात, आणि तुमचे निम्मे पेपर तिथूनच यायचे. एम्बेस हा दुसरा मोठा डेटाबेस विकत घ्यावा लागतो. तो परवडत नसेल तर कॉक्रनची ‘सेंट्रल’ ही चाचण्यांची सूची शोधा, त्यात एम्बेसमधून उचललेल्या चाचण्याही असतात. सीटीआरआय ही आपल्याकडची चाचण्यांची नोंदवही जुलै २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली. तिथे नोंदवलेल्या आणि कधीच न छापलेल्या चाचण्यांची यादी काढा. शोध बरोबर बसला का, हे तपासायला हमखास यायलाच हवेत असे पाच-सहा पेपर आधी हाताशी ठेवा. एक जरी आला नाही तर तो का निसटला ते शोधा.

प्रत्येक डेटाबेसची तारीख, शोधाची ओळ जशीच्या तशी आणि मिळालेला आकडा त्याच दिवशी नोंदवा. नोंदी झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आणा, दुबार काढा, मग रय्यानसारख्या साधनात दोघांनी निवड करा, एकमेकांचे शेरे झाकून. पहिले पन्नास सारांश मात्र एकत्र बसून बघा, निकषातली संदिग्धता तिथेच उघडी पडते. शेवटी प्रिस्माचा तक्ता, म्हणजे किती घेतले आणि किती गाळले याचा ठरलेला नमुना, असा दिसतो. समजा १,२४० सापडले, ३१० दुबार गेले, उरलेल्या ९३० मधून सारांश वाचून ८५८ बाद झाले, ७२ पूर्ण वाचले, ५८ बाद झाले, १४ राहिले. परीक्षक जाणता असेल तर तो चौदांबद्दल कमी आणि अठ्ठावन्नांबद्दल जास्त विचारेल. त्या प्रत्येकासमोर एक कारण हवं, आणि ‘दर्जा कमी’ हे कारण नव्हे. कमी दर्जाचा पेपर आत घेऊन त्याचा दर्जा दाखवायचा असतो.

आता आकडे काढताना होणारी एक चूक जवळून बघू. पेपरमध्ये लिहिलंय : ६४ बायका, हिमोग्लोबिनमधली वाढ २.१ ± ०.१५ ग्रॅम. हे ०.१५ म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन (बायका-बायकांमधला फरक) की स्टँडर्ड एरर (सरासरीतली अनिश्चितता)? चौसष्ट बायकांचं हिमोग्लोबिन इतकं सारखं वाढत नाही, तेव्हा हा एरर असावा असा संशय घ्या. एररला रुग्णसंख्येच्या वर्गमुळाने गुणलं की डेव्हिएशन मिळतं : ०.१५ गुणिले ८, म्हणजे १.२. हा आकडा पटण्यासारखा आहे. न तपासता ०.१५ भरलंत, आणि दुसऱ्या गटातही तेच झालं, तर फिक्स्ड इफेक्ट पद्धतीत (सगळ्या प्रयोगांमागचा खरा परिणाम एकच धरून आकडे जोडण्याची पद्धत) त्या एका पेपरचं वजन ६४ पट होईल आणि तुमचा निकाल म्हणजे त्या एका पेपरचाच निकाल ठरेल. पेपरमध्ये सरासरीची फक्त ९५ टक्क्यांची मर्यादा (कॉन्फिडन्स इंटरव्हल) दिली असेल तर वरच्या आकड्यातून खालचा वजा करून ३.९२ ने भागा, एरर मिळेल. तरीही शंका राहिली तर लेखकाला मेल करा. उत्तर आलं नाही, तर तेही लिहा.

दुसरा सापळा म्हणजे तेच रुग्ण दोन पेपरांत. ओंडान्सेट्रॉन या उलटीवरच्या औषधाबाबत १९९७ मध्ये हे उघड झालं. रुग्णांचा २८ टक्के डेटा दुबार छापलेला होता आणि त्यामुळे औषधाचा गुण २३ टक्क्यांनी फुगला होता. गाव, महिने, रुग्णसंख्या, सीटीआरआय क्रमांक ताडून बघा.

दर्जा तपासायला रॉब-२ ही प्रयोगातले दोष शोधणारी प्रश्नावली वापरा, तिच्यात पाच भाग आहेत. ‘रँडमाइज्ड’, म्हणजे कुणाला काय द्यायचं ते चिठ्ठी टाकून ठरवलं, असा शब्द छापला म्हणजे झालं नाही. सोमवारच्या ओपीडीला सलाइन आणि मंगळवारी गोळी, ही चिठ्ठी नव्हे. कुणाला सलाइन आणि कुणाला गोळी हे झाकता येत नाही हे खरं, पण यंत्राने मोजलेल्या हिमोग्लोबिनला त्याने फारसा धक्का लागत नाही. ‘थकवा कमी वाटतो का’ या उत्तराला मात्र लागतो. म्हणून दर्जाचा शेरा पेपरवर नको, त्या पेपरमधल्या एकेका निकालावर हवा. आणि दहापेक्षा कमी प्रयोग असतील तर फनेल प्लॉट (काही प्रयोग छापायचे राहिलेत का, याचा अंदाज घ्यायचा ठिपक्यांचा आलेख) काढू नका. चौदांतल्या सहांनीच तो निकाल दिला असेल, तर त्या सहा ठिपक्यांवरून काहीही सिद्ध होत नाही.

प्रश्न : हे सगळं एआयकडून करून घेतलं तर? — ग्रंथपाल, पंढरपूर

समानार्थी शब्द सुचवून घ्यायला, निवडीत दुसऱ्या नजरेला मदत म्हणून हरकत नाही, फक्त वापरलं तसं लिहा. संदर्भ मात्र मागू नका. अस्तित्वातच नसलेला पेपर लेखक, जर्नल, पानांसकट बनवून मिळतो. विद्यार्थ्याने आणलेली यादी पबमेडवर एकेक टाकून बघणं हे आता तुमचंच काम होऊन बसलंय.

प्रश्न : आमच्या भागात वीस-पंचवीस वर्षांमागे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची मोठी तपासणी झाली, जुन्या बायका अजून सांगतात. तो अभ्यास जगभरच्या रिव्ह्यूंत घेतात असं प्रशिक्षणात ऐकलं. पण चिठ्ठी म्हणे गावांवर टाकली होती. बाईगणिक का नाही टाकली? आणि व्हीआयए चांगलं की एचपीव्ही? — गटप्रवर्तक, बार्शी तालुका

ताई, ऐकलंत ते बरोबर आहे. १९९९ मध्ये सुरू झालेला हा प्रयोग बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या ल्यों शहरातली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून केला. गावं तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातली. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. चार वाटे केले : एचपीव्ही (या कॅन्सरला कारण होणारा विषाणू) तपासणी, पॅप (पेशींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी), व्हीआयए (अ‍ॅसिड लावून डोळ्यांनी बघणं) आणि नेहमीसारखी सेवा. निकाल २००९ मध्ये आला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीच्या वाट्यात ३४,१२६ बायकांत या कॅन्सरचे ३४ मृत्यू, नेहमीच्या सेवेच्या वाट्यात ३१,४८८ बायकांत ६४. जवळजवळ निम्मे. (नेहमीच्या सेवेच्या वाट्यातल्या बायकांना तपासणी का दिली नाही, यावर नंतर बरीच टीका झाली, आणि ती गैरलागू नव्हती.)

गावावर चिठ्ठी टाकण्याचं कारण तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. एकाच आळीत एकीला तपासणी आणि शेजारणीला नाही, हे निभत नाही. शिबिर गावात लागलं की सगळ्या येतात, बोलणं पसरतं आणि दोन वाटे एकमेकांत मिसळतात. पण गावावर चिठ्ठी टाकण्याची किंमतही असते. एका गावातल्या बायका पाणी, लग्नाचं वय, दवाखान्याचं अंतर या बाबतीत एकमेकींसारख्या असतात. म्हणून हजार बायका हजार स्वतंत्र साक्षी देत नाहीत. हिशेब असा : गटातल्या बायकांच्या संख्येतून एक वजा करा, गटातल्या सारखेपणाच्या गुणांकाने गुणा, त्यात एक मिळवा. या प्रयोगात एका गटात सरासरी अडीच हजार बायका होत्या. गुणांक अगदी ०.००१ धरला तरी उत्तर साडेतीन येतं, म्हणजे चौतीस हजारांची खरी ताकद दहा हजारांच्याही आत. मूळ अभ्यासकांनी गट धरूनच गणित केलं होतं. रिव्ह्यू करणारे मात्र कित्येकदा नुसते मृत्यूंचे आकडे उचलतात आणि गावं विसरतात. मग उत्तर आहे त्यापेक्षा पक्कं दिसतं. असा रिव्ह्यू हातात आला तर ‘क्लस्टर’ (गट) हा शब्द त्यात कुठे आहे ते आधी शोधा.

व्हीआयएचा मामला जास्त गमतीचा आहे. भारतातलेच तीन मोठे प्रयोग घ्या. तमिळनाडूतल्या दिंडिगुलमध्ये एका फेरीने मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले. मुंबईच्या वस्त्यांत ३१ टक्क्यांनी. तुमच्याकडच्या प्रयोगात घट इतकी थोडी की ती योगायोगाची नव्हे, असं म्हणता येत नाही. तिघांची सरासरी काढून मोकळं व्हायचं का? मुंबईत प्राथमिक आरोग्य कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या केल्या होत्या, तुमच्याकडे एकच झाली. शिवाय व्हीआयए म्हणजे डोळ्यांनी बघणं. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावून मिनिटभराने पांढरा डाग दिसतो की नाही, हे उजेडावर, हातावर आणि बघणारीच्या सरावावर ठरतं. एचपीव्ही मशीनवर होतं, त्यात हा फरक कमी पडतो. प्रयोगांमधला असा फरक आय-स्क्वेअर या टक्केवारीत मांडतात. पाऊणशेच्या वर गेली की सरासरीचा आकडा बाजूला ठेवून फरकाचं कारण वाचावं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही डीएनए चाचणीला पहिली पसंती दिली : तिशीपासून, दर पाच ते दहा वर्षांनी. एचआयव्ही असलेल्या बायकांना पंचविशीपासून, दर तीन ते पाच वर्षांनी. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या २०१६ च्या सूचनांत ३० ते ६५ वयाला दर पाच वर्षांनी व्हीआयए आहे. तुमच्या केंद्रात आज जे होतं, त्यासाठी बायकांना आणा. फक्त पाच वर्षांनी परत बोलवायची तारीख रजिस्टरला आजच चढवा. एकाच फेरीच्या व्हीआयएला फार श्रेय देऊ नये, हे तुमच्या शेजारच्या गावांनीच दाखवलंय.

प्रश्न : वेळेआधीच्या प्रसूतीत आईला स्टेरॉइड द्यावं, हा पुरावा कॉक्रनच्या बोधचिन्हातच आहे म्हणतात. मग २०१५ च्या मोठ्या अभ्यासात उलटा निकाल कसा आला? आम्ही डोस द्यायचा की नाही? — परिचारिका, ग्रामीण रुग्णालय

सिस्टर, बोधचिन्हातल्या आडव्या रेघा म्हणजे एकेक प्रयोग, उभी रेघ म्हणजे ‘फरक नाही’, आणि खालचा चौकट-एक्का म्हणजे सगळ्यांचा मिळून निकाल. त्यातला पहिला प्रयोग १९७२ चा, न्यूझीलंडमधला. सगळ्यांचा एकत्र आढावा छापून यायला १९८९ उजाडलं. मधल्या सतरा वर्षांत बहुतेक प्रसूतितज्ज्ञांना पुरावा किती भक्कम आहे याची कल्पना नव्हती, आणि देता आलं असतं ते इंजेक्शन बाळांना मिळालं नाही.

२०१५ चा अभ्यास सहा देशांत झाला, आपल्या शेजारचं बेळगाव आणि नागपूर त्यात होतं. तिथे इंजेक्शन खेड्यापाड्यांपर्यंत नेलं. २८ दिवसांच्या आत दगावणारी बाळं हजारी २३.९ वरून २७.४ वर गेली. औषध तेच, जागा वेगळी. जुने प्रयोग मोठ्या रुग्णालयांतले, दिवस नीट मोजलेले, बाळासाठी सोय असलेले. इथे गर्भाचे दिवस अंदाजाने धरले गेले. पुरे दिवस भरलेल्या पुष्कळ बाळांच्या आयांनाही इंजेक्शन मिळालं, आणि आयांमध्ये जंतुसंसर्गाचा संशयही वाढलेला दिसला. मग २०२० मध्ये भारतासह पाच देशांतल्या २९ रुग्णालयांचा प्रयोग आला. सोनोग्राफीने दिवस ठरवून, २,८५२ महिलांमध्ये. नवजात मृत्यू डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या गटात १९.६ टक्के, दुसऱ्या गटात २३.५ टक्के.

रिव्ह्यूत याला ‘इनडायरेक्टनेस’ म्हणतात. पुरावा खरा असतो, पण तुमच्या वॉर्डातला नसतो. ग्रेड पद्धतीत पुराव्याची खात्री हाय, मॉडरेट, लो आणि व्हेरी लो अशा चार पायऱ्यांत सांगतात, आणि एक पायरी उतरवण्याच्या पाच कारणांपैकी हे एक आहे. बाकीची चार म्हणजे प्रयोगांतले दोष, आपसातला विरोध, आकड्यांतली ढिलाई आणि न छापलेले निकाल.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर : २४ ते ३४ आठवडे खात्रीने ठरलेले, प्रसूती लवकर होण्याची दाट शक्यता, आईला संसर्गाची चिन्हं नाहीत, आणि आई-बाळाची पुढची सोय असलेल्या ठिकाणी ती पोचणार. या अटी जुळल्या तर डॉक्टरांच्या सूचनेने डोस द्या. डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम स्नायूत, दर १२ तासांनी, एकूण चार. रेफर करण्याआधी पहिला डोस उपकेंद्रातल्या एएनएम सिस्टरनेही द्यावा, अशी केंद्राची २०१४ पासूनची सूचना आहे. चिठ्ठीवर डोसची वेळ मोठ्या अक्षरात लिहा, नाहीतर सिव्हिलला पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. पाणी गेलेलं आणि ताप असेल तर आधी डॉक्टरांना फोन.

प्रश्न : आमच्या दुकानात उन्हाळ्यात ओआरएसचा धंदा जोरात असतो. औषध कंपनीचा एम.आर. येतो तो मेटा-अ‍ॅनालिसिसचा रंगीत कागद घेऊनच. या रिव्ह्यूंनी खरोखर काही बदलतं का, की नुसती जाहिरात? — औषध विक्रेता, नवी पेठ

एम.आर.च्या कागदाबद्दल आधी. त्यावर ‘धोका ५० टक्क्यांनी कमी’ असं असतं. कशाचे पन्नास, ते विचारा. शंभरात दोघांचा धोका एकावर आला, तरी पन्नास टक्केच होतात. मग एकाला फायदा व्हायला शंभर जणांनी औषध घ्यायचं असतं. दुसरं, कागदावर छापून आलेलेच अभ्यास असतात. नैराश्याच्या औषधांचे अमेरिकेच्या एफडीएकडे नोंदलेले ७४ अभ्यास २००८ मध्ये कुणी ताडून पाहिले. अनुकूल ३८ पैकी ३७ छापून आले होते. प्रतिकूल किंवा संशयास्पद ३६ पैकी २२ छापलेच गेले नाहीत, ११ अनुकूल वाटतील असे लिहिले गेले, आणि जसे होते तसे छापले गेले फक्त तीन.

बदलतं का, याचं उत्तर तुमच्याच फडताळात आहे. ओआरएसचं पाकीट उलटं करून बघा. सोडियम क्लोराइड २.६, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९, एकूण २०.५ ग्रॅम एक लिटर पाण्याला. द्रावणाची ऑस्मोलॅरिटी, म्हणजे विरघळलेल्या कणांचं प्रमाण, २४५. पूर्वीचं पाकीट २७.९ ग्रॅमचं होतं, ऑस्मोलॅरिटी ३११, सोडियम लिटरला ९० मिलिमोल. आता सोडियम ७५ आहे. पातळ मिश्रण देऊन बघणारे लहान लहान प्रयोग ठिकठिकाणी झाले होते, एकेकट्याने कुणी ठाम बोलू शकत नव्हता. २००१ च्या सुमाराला ते एकत्र मांडले गेले, तेव्हा सलाइन लावावं लागणारी मुलं सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्याचं दिसलं, उलट्याही कमी. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने सूत्र बदललं.

गिऱ्हाइकाला देताना एवढं सांगा : पूर्ण पाकीट, पूर्ण लिटर. बिसलेरीच्या बाटलीचं माप चांगलं पडतं. अर्धं पाकीट तांब्यात अंदाजाने टाकलं की रिव्ह्यूतलं ७५ सोडियम तांब्यात ९० होतं की ४०, कुणालाच कळत नाही. कालवलेलं २४ तासांत संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं. आणि टेट्रापॅकमधली गोड पेयं त्याच रॅकवर ठेवू नका. सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे. जुना माल शिल्लक असेल तर वितरकाला परत करा.